शेवटचं पान दुप्पट करण्यातला धोका
मर्कल ट्री म्हणजे माहितीच्या तुकड्यांचे ('पानांचे') हॅश, म्हणजे ठरावीक लांबीचे ठसे, जोडीजोडीने पुन्हा हॅश करत एकाच मूळ हॅशपर्यंत नेणारी रचना. तिच्यात एखाद्या पातळीवर हॅशची संख्या विषम आली तर शेवटचा हॅश स्वतःशीच जोडायचा, असं सुचवलं जातं. बिटकॉइन तसंच करतं, पण नव्या कामात ही पद्धत कृपया उचलू नका.

सहा व्यवहार घ्या: १ ते ६. पहिल्या पातळीवर १२ (म्हणजे १ आणि २ यांच्या जोडीचा), ३४, ५६ हे तीन हॅश. तीन विषम, म्हणून ५६ दुप्पट होतो. आता १,२,३,४,५,६,५,६ अशी आठ पानं घ्या. मूळ हॅश तोच! यादी वेगळी, मूळ एकच. २०१२ मध्ये बिटकॉइनमधली ही त्रुटी उघड झाली: कोणी असा फुगवलेला ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा) आधी पाठवला तर नोड, म्हणजे नेटवर्कमधला संगणक, तो अवैध म्हणून नोंदवायचा, आणि मग त्याच हॅशचा खरा ब्लॉकही नाकारायचा. उपाय म्हणून आता जोडीतले दोन्ही हॅश सारखे आहेत का, ते तपासलं जातं.

दुसरी गफलत याहून जास्त दिसते. पान आणि आतली गाठ (खालचे दोन हॅश जिथे जोडले जातात ती जागा) एकाच पद्धतीने हॅश केली, तर ३२ बाइटचे दोन हॅश मिळून झालेली ३२ + ३२ = ६४ बाइटची गाठ 'पान' म्हणून खपवता येते. सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सीचं (वेबसाइटच्या प्रमाणपत्रांची जाहीर नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेचं) २०१३चं आरएफसी ६९६२ हे तांत्रिक दस्तऐवज बघा: पानाआधी ००, गाठीआधी ०१ हा बाइट लावून मगच एसएचए-२५६ हे हॅश-सूत्र. विषम संख्येला तिथे दुप्पट करणं नाहीच. एकूण पानांपेक्षा लहान अशा दोनच्या सर्वांत मोठ्या घातावर यादी तोडतात. सहा पानं म्हणजे चार आणि दोन.

एखादं पान यादीत आहे हे दाखवणारा पुरावा तरीही छोटाच राहतो: दहा लाख पानांना जास्तीत जास्त २० हॅश, म्हणजे ६४० बाइट. फक्त पानाचा क्रमांक आणि एकूण पानं हे दोन्ही पडताळणाऱ्याकडे पोचवा, नाहीतर डावं-उजवं ठरवता येणार नाही.