अॅनहायड्रस क्रोमियम क्लोराईड पाण्यात विरघळतच नाहीये, माल खराब आहे का?

निळासावळा: लॅबमध्ये क्रोमियम ट्रायक्लोराईडच्या दोन बाटल्या आहेत. एकीत गडद हिरवे खडे, ते हेक्साहायड्रेट, पाण्यात टाकले की लगेच विरघळतात. दुसरीवर अॅनहायड्रस, म्हणजे बिनपाण्याचं, लिहिलंय, जांभळ्या चमकदार चकत्या आहेत, त्या पाण्यात टाकल्या, ढवळल्या, गरमही केल्या तरी आपल्या तळाशी तशाच. फरक फक्त सहा पाण्यांचा ना? आणि दुसरं म्हणजे हिरव्याच्या ताज्या सोल्युशनमध्ये सिल्व्हर नायट्रेट टाकलं तर हिशोबाच्या एक तृतीयांशच सिल्व्हर क्लोराईड खाली बसलं. बाकीचे दोन क्लोराईड गेले कुठे?

मूलद्रव्य२४: माल उत्तम आहे, टाकू नका! शुद्ध अॅनहायड्रस असंच वागतं. त्याचे अभ्रकासारखे थर असतात, प्रत्येक क्रोमियमभोवती सहा क्लोराईड, आणि प्रत्येक क्लोराईड दोन क्रोमियममध्ये वाटलेला, म्हणून तर ते जवळपास ११५० डिग्री सेल्सिअसपर्यंत वितळत नाही. पण खरं कारण वेगाचं आहे. क्रोमियम थ्री (तीन इलेक्ट्रॉन गमावलेला क्रोमियम) म्हणजे d३, त्याच्या d ऑर्बिटल्समध्ये तीनच इलेक्ट्रॉन उरलेले, तेही कमी ऊर्जेच्या तीन जागांत (t२g) एकेक बसलेले, असा आयन लिगंड, म्हणजे त्याला चिकटलेले क्लोराईड किंवा पाणी, सोडायला फारच वेळ लावतो, त्याच्याभोवतीचं पाणीसुद्धा बदलायला साध्या तापमानाला दिवस लागतात. म्हणजे विरघळणं ऊर्जेच्या दृष्टीने फायद्याचंच आहे, रस्ता तेवढा बंद आहे.

आता चिमूटभर झिंक पावडर आणि थोडं हायड्रोक्लोरिक अॅसिड टाकून बघा. थोडासा क्रोमियम टू (दोनच इलेक्ट्रॉन गमावलेला) तयार होतो, तो d४, लिगंड झटक्यात बदलतो, तो चकतीच्या पृष्ठभागावरच्या क्लोराईडला धरतो आणि त्याच क्लोराईडच्या पुलावरून आपला इलेक्ट्रॉन पलीकडच्या क्रोमियम थ्रीला देतो, मग पलीकडचा झाला टू, तो सुटून पाण्यात येतो आणि पुढच्याला तेच करतो. म्हणून अगदी थोडा पुरतो. मला तर हे ट्रान्झिशन मेटल केमिस्ट्रीतलं सगळ्यात सुंदर प्रकरण वाटतं. असे इलेक्ट्रॉन ट्रान्सफर उलगडल्याबद्दल रसायनशास्त्रज्ञ हेन्री टॉब यांना १९८३ चं नोबेल मिळालं. फक्त हवा आत येऊ देऊ नका, ऑक्सिजन क्रोमियम टूला लगेच खातो, नायट्रोजन सोडलात तर बरं.

स्फटिकप्रेमी: सिल्व्हर नायट्रेटचं मी सांगते. हिरव्या खड्यात सहाच्या सहा पाणी क्रोमियमला चिकटलेली नसतात. चार पाणी आणि दोन क्लोराईड चिकटलेले, एक क्लोराईड बाहेर आयन म्हणून, आणि उरलेली दोन पाणी नुसती स्फटिकात बसलेली. चांदीला पटकन सापडतो तो बाहेरचा एकच. त्याच फॉर्म्युल्याचा एक जांभळा प्रकार पण असतो, त्यात सहाही पाणी आत आणि तीनही क्लोराईड बाहेर, म्हणून तो तिन्ही देतो. हायड्रेट आयसोमेरिझम म्हणतात तो हाच. सोल्युशन ठेवून दिलंत तर आतले क्लोराईड हळूहळू पाण्याला जागा देतात आणि रंग सरकत जातो, तेव्हा टेस्ट ताज्या आणि थंड सोल्युशनवरच करा, तापवलंत तर आकडा वाढेल.

निळासावळा: आता जुळलं, दोघांचे खूप आभार. मग हिरवं तापवून पाणी उडवलं तर अॅनहायड्रस मिळेल का?

मूलद्रव्य२४: नाही, तिथे गडबड होते. नुसतं हवेत तापवलंत तर पाण्याबरोबर हायड्रोजन क्लोराईडही निघून जातो आणि शेवटी हाती हिरवा ऑक्साईड उरतो. त्याऐवजी थायोनिल क्लोराईडमध्ये रिफ्लक्स करतात, म्हणजे उकळून वाफ थंड करून परत आत सोडत राहतात, ते पाण्याशी रिअॅक्ट होऊन सल्फर डायऑक्साईड आणि हायड्रोजन क्लोराईड होतं, दोन्ही वायू, त्यामुळे पाणी उलटं हल्ला करायला उरतच नाही. पण दोन्ही वायू घातक आहेत, चांगल्या फ्यूम हूडशिवाय (वायू बाहेर ओढणारं लॅबमधलं कपाट) हात लावू नका, आणि तुमच्याकडे भरलेली बाटली आहेच, तर बनवायची गरजही नाही.