लाइव्ह रॅप करताना शब्द शेवटच्या रांगेपर्यंत कसे पोचवता? अनुभव लिहा

गणपतीत मंडळाच्या स्टेजवर, कॉलेजच्या फेस्टला, एरियातल्या टॅलेंट शोला आता मराठीत रॅप करणारी पोरंपोरी दिसतात, लिहितातही जबरी, पण मागे उभं राहिलं की अर्धे शब्द कळतच नाहीत आणि जीव हळहळतो. ज्यांनी स्टेज केलेत त्यांनी सविस्तर लिहा, नवीन पोरांना उपयोग होईल.

कुर्ला
सगळा खेळ दमाचा आहे. रेकॉर्डिंगला आपण चार ओळी म्हणतो, थांबतो, पुढच्या चार वेगळ्या घेतो, मग जोडतो, त्यामुळे श्वास कुठे घेतला ते कळतच नाही. स्टेजवर 90 बीपीएमचे (मिनिटाला 90 ठोके) 16 बार (चार-चार ठोक्यांच्या ओळी) म्हणजे साधारण 43 सेकंद सलग तोंड चालू, वर उड्या मारायच्या त्या वेगळ्याच. मी वहीत श्वासाच्या जागी लाल रेघ मारते आणि जिथे रेघ बसत नाही तिथला एखादा ‘पण’, ‘तर’, ‘मग’ सरळ उडवते. नंतर बिल्डिंगचे जिने चढत तोच व्हर्स (रॅपचं कडवं) म्हणायचा. चौथ्या माळ्यावर जी ओळ गिळली जाते ती स्टेजवर पण गिळली जाणार, धरून चाला.

लालबाग
आमच्या घरात शाहिरी आहे म्हणून सांगतो. पोवाड्यात मागे साथ देणारे झीलकरी ‘जी जी रं जी’ उचलतात तेवढ्यात शाहिराला दम घेता येतो आणि ठेकाही तुटत नाही. हाइपमॅनचं, म्हणजे रॅपरला स्टेजवर साथ देणाऱ्याचं, काम तेच. पण आजकाल आख्खा ग्रुप सगळ्याच ओळी ओरडतो, मग कोणाचंच काही ऐकू येत नाही. माझा जोडीदार फक्त यमकाचा शेवटचा शब्द आणि हुक (परत परत येणारी ओळ) उचलतो, बाकी वेळ त्याचा माइक खाली.

परळ, साउंडचं काम करतो
पोरांनो, माइकची जाळी मुठीत धरू नका रे!! व्हिडिओत भारी दिसतं, पण माइक मागचा आवाज टाळतो तो जाळीमागच्या फटींमुळे, त्या झाकल्या की तो मॉनिटरचा (स्टेजवर तुमच्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरचा) आवाजही ओढतो, शिट्टी वाजते आणि तुम्ही डब्यात तोंड घालून बोलताय असं ऐकू येतं. दांडा धरा, तोंडापासून दोन बोटं लांब, आणि मान वळली की माइकही वळला पाहिजे. साउंडचेकला नुसतं ‘चेक चेक’ नको, सगळ्यात जोरात जाणारी ओळ म्हणा, आम्ही लेव्हल त्यावर लावतो. मॉनिटरमध्ये बीट (मागे वाजणारं म्युझिक) कमी येत असेल तर बिनधास्त सांगा.

मालाड
ट्रॅकबद्दल. फायनल गाणं लावून त्यावर तोंड हलवू नका, जजला लगेच कळतं. नुसता बीट न्या, फारतर हुकच्या मागे थोडे आवाज ठेवा. पेनड्राइव्हवर एक कॉपी, मोबाइलवर एक, आणि मोबाइल फ्लाइट मोडवर.

भांडुप
मंडळाच्या शोला एक वेगळीच भानगड असते, रात्री 10 ला लाऊडस्पीकर बंद करायचा असतो आणि सत्कार-भाषणं लांबली की शेवटच्या नंबरांना ‘एकच कडवं घे’ म्हणतात. म्हणून मी प्रत्येक गाण्याची दीड मिनिटाची कापलेली फाइल ठेवतो, इंट्रो नाही, थेट हुक. बीट सुरू व्हायच्या आधी हुक पब्लिककडून एकदा म्हणवून घेतो, पुढे बसलेल्या काकू आणि बारकी पोरं पहिली उचलतात, मागची टोळकी नंतर येतातच. फक्त हुक चार-पाच शब्दांचा ठेवा, त्याहून लांब असला तर एकदा ऐकून कोणाच्या तोंडात बसत नाही.