मदत हवी आहे: व्हेटरनरीच्या फर्स्ट इयरला जायच्या आधी घरी बसून नक्की काय करू?

वाळपयची पोर:
नमस्कार सगळ्यांना. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, नीटच्या मार्कांवर यंदा बीव्हीएससीला (जनावरांच्या डॉक्टरकीला) अॅडमिशन झालंय, सातारा जिल्ह्यातलं शिरवळचं कॉलेज मिळालंय आणि सुरू व्हायला अजून थोडे आठवडे आहेत, तर ह्या मधल्या वेळात काय करावं ते कोणी नीट सांगेल का. घरात डॉक्टर-बिक्टर कोणी नाही. दोन गायी आहेत, एक गावठी पांढरी आणि एक जर्सी क्रॉस, पण गोठा आजीच्या ताब्यात, मी फक्त शेण काढते नी गवत घालते, धार काढायला बसले की जर्सी लाथ झाडते.

युट्यूबवर एक म्हणतो अॅनाटॉमी (शरीररचना) आधीच वाचून जा नाहीतर मेलात, दुसरा म्हणतो काही वाचू नका मजा करा. एका सिनियरने खरेदीची यादी पाठवली ती बघून आईने डोक्यालाच हात लावला. मी चौथीपर्यंत मराठी शाळेत, मग इंग्लिश, त्यामुळे वाचायचं टेन्शन तसं नाही पण ती हाडांची लॅटिन नावं बघूनच पोटात गोळा येतो. आणि एक प्रश्न, हसू नका हां, रक्ताचं मला काही वाटत नाही, डुक्कर कापताना लहानपणापासून बघितलंय, पण बारावीच्या लॅबमध्ये फॉर्मेलिनची (मेलेले प्राणी टिकवायच्या औषधाची) बरणी उघडली तेव्हा डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तिथे तर रोजच. जमेल ना?

परळ रिटर्न:
अभिनंदन गो बाय! मी मडगावचा, मुंबईला परळला शिकलो (१८८६ चं कॉलेज, भिंतींनाही तोच वास). डोळे सगळ्यांचेच चुरचुरतात, थोड्या दिवसांनी सवय होते. लेन्स लावत असशील तर डिसेक्शनला (मेलेलं जनावर कापून शिकतात तेव्हा) चष्मा घाल, उपाशीपोटी जाऊ नको आणि खिडकीकडची जागा पकड.

फर्स्ट इयरला अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री आणि एलपीएम म्हणजे लाइव्हस्टॉक प्रॉडक्शन मॅनेजमेंट. रडवते ती अॅनाटॉमी. पण आख्खं पुस्तक आत्ता वाचण्यात अर्थ नाही, हाड हातात आल्याशिवाय काही डोक्यात राहत नाही. फक्त दिशांचे शब्द पाठ कर, क्रेनियल (डोक्याकडचं) कॉडल (शेपटीकडचं) डॉर्सल (पाठीकडचं) व्हेंट्रल (पोटाकडचं) मेडियल (मधल्या रेषेकडचं) लॅटरल (बाजूकडचं), कारण पहिल्या लेक्चरपासून सर त्याच भाषेत बोलतात. मग गाय-बैल हा पाया धरायचा आणि बाकीची जनावरं ‘बैलापेक्षा वेगळं काय’ असं करत लक्षात ठेवायची. मानेचे मणके गाय घोडा कुत्रा डुक्कर सगळ्यांना ७च, पण पाठीचे मणके गायीला १३ आणि घोड्याला १८. घोड्याला पित्ताशयच नसतं. गायीला वरचे पुढचे दात नसतात, तुझ्या गोठ्यात जाऊन बघ, फुकटचं प्रॅक्टिकल.

खरेदी तिथे पोचल्यावर कर. डिसेक्शन सेटमध्ये चाकूचं ४ नंबरचं हँडल, त्याला बसणारी २२ किंवा २४ची ब्लेडं, दातेवाला फोरसेप (चिमटा), बाकी अॅप्रन नि गमबूट. स्टेथोस्कोपची घाई नको. हाडं आणि पुस्तकं सिनियर लोकांकडून मिळतात, फक्त आधी जाऊन सांगून ठेवायचं.

गोठ्यातला माणूस:
वरच्या भावाशी अर्धाच सहमत. पुस्तकं पळून जात नाहीत, आजीकडून धार काढायला शीक! एलपीएमच्या प्रॅक्टिकलला बारावीत टॉप केलेली मुलं गायीच्या मागे जाऊन उभी राहतात नि लाथ खातात. जर्सी लाथ मारते तर आधी सड बघ, चिरा किंवा सूज आहे का, दगडीचा (कास सुजण्याचा) त्रास असला तर कुठलीही गाय हात लावू देणार नाही. तसं काही नसेल तर तुझी पद्धत बघ. अंगठा दुमडून ओढतेस का? त्याने सडाला इजा होते, पूर्ण मुठीने काढ. कासेला कोमट पाण्याने पुसलं की मेंदूतून ऑक्सिटोसिन हे हार्मोन सुटतं आणि पान्हा फुटतो, त्याचा जोर पाचसात मिनिटंच असतो, त्यात हात चालला पाहिजे. गाय घाबरली तर अॅड्रेनॅलिनमुळे पान्हा अडकतो, म्हणून आजी तिच्याशी बोलत बोलत बसत असणार. हे सगळं पुढे फिजिऑलॉजीत येतंच.

टेपने वजन काढून बघ. छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग, गुणिले लांबी (खांद्याच्या टोकापासून शेपटाजवळच्या हाडापर्यंत), भागिले ३००, उत्तर पौंडात. घेर ६० आणि लांबी ५४ असेल तर ६४८ पौंड, म्हणजे २९४ किलोच्या आसपास. आणि ती गावठी पांढरी श्वेत कपिला असू शकते, गोव्याची नोंद झालेली जात आहे, तिकडे कॉलेजात कोणी नाव ऐकलेलं नसेल तर तू सांग.

पेडण्याची ताई:
मी शिरवळलाच आहे. पणजी-पुणे रात्रीची बस साताऱ्यानंतर खंबाटकी घाट उतरली की शिरवळ येतं, ड्रायव्हरला आधीच सांगून ठेव नाहीतर थेट पुणे. थंडीत जाड स्वेटर लागतोच, आपल्याकडचा चालत नाही. मासे विसर. ७५ टक्के हजेरी लागते त्यामुळे चतुर्थीला आठवडाभर घरी हा विचार सोड (मी रडले होते).

सगळ्यात महत्त्वाचं कोणी लिहिलंच नाही, रेबीजची लस, कुत्रा चावायच्या आधीच घ्यायची. ०, ७ आणि मग २१ किंवा २८ व्या दिवशी, म्हणजे आत्ता सुरू केलीस तरच घरून निघेपर्यंत संपेल. धनुर्वाताचं पण विचारून घे.

वाळपयची पोर:
सगळ्यांना देव बरें करूं. आजीला धारेचं विचारलं तर म्हणाली कॉलेजात हेच शिकवतात मग फी कसली घेतात 😅 उद्यापासून पहाटे बसवणार आहे. ताई, लस आधी घेतली आणि नंतर कुत्रा चावला तर परत घ्यावी लागते का?

पेडण्याची ताई:
हो, पण कमी. आधी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची, मग त्याच दिवशी एक आणि ३ऱ्या दिवशी एक, बस. जखमेत भरतात ते इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन) मग लागत नाही. लसीचं कार्ड मात्र जपून ठेव, फोटो काढून आईला पण पाठव.