'पार खाली घे' म्हणजे नक्की काय खाली घ्यायचं?

विंगेतला:
परवा एका दिग्दर्शकाने लिहिलं, लाईटवाल्या पोरांनी वॉश, स्पेशल, क्यू, गोबो ही भाषा सोडा, मराठी नाटक करता ना, मग सरळ 'उजेड कमी कर' म्हणा, बाकी सगळी शायनिंग. डोकंच उठलं. साहेब, वर चोवीस दिवे टांगलेत, त्यातला कुठला कमी करू, किती करू, किती सेकंदात करू? 'बारा नंबर साठ टक्क्यांवर, पाच सेकंदात' बोललं की काम संपलं. राज्य नाट्य स्पर्धेला जळगावात आमचा दिग्दर्शक कानात पुटपुटला, "पार खाली घे." त्याला म्हणायचं होतं, 'पार' नावाचा जो दिवा असतो तो जरा उतरव, तीसेक टक्क्यांवर. ऑपरेटर पोरगा अमळनेरचा, त्याने मराठीतलं 'पार' ऐकलं आणि फेडर, म्हणजे उजेड कमीजास्त करायची खिट्टी, पार खाली. अख्खा स्टेज काळा. नाटकातली आई मरायची होती अजून, लोकांनी आधीच टाळ्या वाजवल्या.

गिरणाकाठ:
भो, तुझ्याच गोष्टीत तू हरला. घोळ घातला कोणी? तुमच्या 'पार'ने. 'वरचे दिवे मंद कर' म्हटलं असतं तर बाई शांतपणे मेली असती. आणि पार म्हणजे पॅराबोलिक अल्युमिनाइज्ड रिफ्लेक्टर, जुन्या गाडीच्या हेडलाईटसारखा बंद दिवा, हे त्या पोराला कधी सांगितलं का? आता एलईडीत तो रिफ्लेक्टरही नाही, तरी आपलं पारच.

जुनी बत्ती:
आम्ही गॅसबत्तीवर तमाशे पाहिले, बत्ती फुसफुसली की 'पंप मार रे', संपलं. आणि इंग्रजीतला लाईमलाईट म्हणजे चुनाच हो. 1837 मध्ये लंडनच्या थिएटरात चुन्याच्या कांडीवर ऑक्सिजन-हायड्रोजनची ज्योत मारून उजेड पाडला. पानाला लावतो तोच चुना.

विंगेतला:
पानाचा विझवलेला असतो आप्पा, तो कळीचा चुना. बघा, नेमका शब्द लागतोच.

पांझराकाठी:
साध्या भाषेचे एवढे भक्त आहात तर उजवी कोणाची ते सांगा. धुळ्याला तालमीत मी 'उजवीकडचा दिवा' म्हटलं, दोघांनी शिडी प्रेक्षकांच्या उजवीकडे नेली, तिसरा वरून ओरडतोय नटाची उजवी नटाची उजवी, अर्धा तास त्यातच गेला. उजवी नटाची. इंग्रजी रंगभूमीवर तेच चालतं.

गिरणाकाठ:
इंग्रजी रंगभूमी गेली उडत. तिकीट प्रेक्षक काढतो, उजवी त्याची.

पांझराकाठी:
स्पर्धेला अर्धे पासवर येतात, त्यांची उजवी कुठली मग? दादा, तुम्ही कधी दिवा बांधलाय का? हजार वॅटचा हॅलोजन तापलेला असताना हात लावून बघा, मग शब्द शिकवा. माझ्या तळहातावर अजून डाग आहे.

गिरणाकाठ:
डाग दाखवून वाद जिंकता येत असता तर आमच्या गावचा आचारी आमदार झाला असता.

जुनी बत्ती:
इतला कसाले तापी राहिनात? आम्ही म्हणायचो मेकअपरूमची बाजू आणि चहावाल्याची बाजू. एकदाही चुकलो नाही.

विंगेतला:
आणि पुढच्या सेंटरला मेकअपरूम दुसऱ्या बाजूला निघाली की? आम्ही तेच भोगलंय. शिवाय चहा, त्याच्यावर तर बोलूच नका. नटांना पोहे, संगीतवाल्यांना पोहे, लाईटवाला वर दिव्यांच्या बारवर लटकलाय, त्याला कोणी विचारत नाही. प्रकाशयोजनेचं बक्षीस आलं की मात्र घ्यायला दिग्दर्शक पुढे.

गिरणाकाठ:
पोह्यांचं पटलं. क्यू पण ठेवा, 'इशारा' म्हटलं की तमाशातली मावशी डोळा मारतेय असं वाटतं. पण 'पार' नको.

विंगेतला:
घ्या, उद्यापासून 'एलईडी तीसवर' म्हणतो. खूश?

गिरणाकाठ:
वा! मराठीसाठी भांडलो आणि मिळालं काय, दुसरं इंग्रजी.

पांझराकाठी:
ते राहू द्या. रविवारी धुळ्याला फिटिंग आहे, कोणाकडे चौदा फुटी घोडा आहे का?

जुनी बत्ती:
ताई, शिडी लिहा शिडी. लग्नसराई आहे, कोणी खरंच पाठवून देईल.