दिव्यांग अनुदानासाठी एजंटला पैसे का द्यायचे? मोफत वकील मिळतो!

धाकटीबहीण:
माझ्या भावाचा उजवा हात मळणी यंत्रात गेला. तीन बोटं तुटली, मनगट वळत नाही. सरकारी दवाखान्याचं प्रमाणपत्र आलं ३८ टक्क्यांचं, आणि संजय गांधी निराधार योजनेला किमान ४० लागतात. तहसीलबाहेरचा एजंट म्हणाला, "आठ हजार द्या, टक्के वाढवून आणतो." आई डोरलं मोडायला निघाली होती. मीच अडवलं.

तालुका कोर्टाच्या आवारात विधी सेवा समितीची खोली आहे, तिथे गेलो. १९८७च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२प्रमाणे दिव्यांग माणसाला मोफत वकील मिळतो. वकीलबाईंनी २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९खाली अपील लिहून दिलं. फेरतपासणीत डॉक्टरांनी मनगट किती वळतं ते कोनमापक लावून मोजलं. पहिल्या वेळी कुणी हात धरूनही पाहिला नव्हता. ४६ टक्के आले. खर्च झाला तो झेरॉक्सचा. एजंटला एक पैसा देऊ नका.

रोजंदारीवाला:
ताई, टक्क्यांचं तुमचं जमलं. उत्पन्नाचं काय? दिव्यांगांना अट वर्षाला ५० हजारांची, म्हणजे महिन्याला चार हजार दोनशेसुद्धा नाहीत. माझी बायको धुणीभांडी करून त्याहून जास्त आणते. खरा आकडा सांगितला की अर्ज बाद. एजंट दाखला काढून देतो. तुमचा वकील देईल?

धाकटीबहीण:
नाही देणार. पण दाखला खोटा निघाला तर सही तुमची असते दादा, एजंटची नाही. अट चुकीची आहे हे मला मान्य आहे. ती बदलायला भांडू.

रोजंदारीवाला:
भांडेपर्यंत खायचं काय?

निवृत्तकारकून:
तहसीलात या योजनेच्या टेबलावर मी अकरा वर्षं काढली. एजंट नकोच, पण ऊठसूट वकीलही नको. माझ्यासमोर प्रकरणं अडायची ती आधारवर नाव वेगळं, खातं आधारला जोडलेलं नाही, हयातीचा दाखला राहिला, अशा कारणांनी. त्याला शिकलेला पुतण्या पुरतो. एक मात्र करा. "बसत नाही" असं तोंडी ऐकून परत फिरू नका, नकार लेखी मागा. तो कागद हातात असला की पुढे वकिलाला काही धरता येतं.

चाकाची_खुर्ची:
आमच्या कोर्टातली ती खोली पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. खाली बसून निरोप पाठवला, दोन तास कुणी आलं नाही. एजंट मात्र घरी येतो. मोफत वकील चांगलाच, पण आम्ही त्याच्यापर्यंत चढायचं कसं?

धाकटीबहीण:
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, भाऊ चालत गेला म्हणून. १५१०० हा विधी सेवेचा फोन आहे, आधी तिथे लावून बघा. आणि जिन्याची तक्रार पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे करू. मजकूर मी लिहिते, सही तुमची.

चाकाची_खुर्ची:
लिहा. जिन्याचा फोटो पाठवतो.