गुण देऊन कुस्ती राखणं: पळपुटेपणा की हिशेब?

पॅरिस २०२४ मध्ये विनेश फोगाटनं जपानच्या ऑलिंपिक विजेत्या युई सुसाकीविरुद्ध निष्क्रियतेचे (म्हणजे चढाई न केल्याचे) दोन गुण 'फुकट' दिले, हा मुद्दा अर्धाच आहे. फ्रीस्टाइलमध्ये आधी तोंडी ताकीद मिळते. मग ३० सेकंदांचं घड्याळ लागतं आणि त्यात कुणीच गुण घेतला नाही, तर समोरच्याला १ गुण. म्हणजे निष्क्रियतेची किंमत १, पण घाईत टाकलेला पट (पायांवरची झेप) फसून मागे ताबा गेला, म्हणजे समोरचीनं मागून पकडून खाली दाबलं, तर २, वर लोळवलं तर आणखी २-२. सुसाकीसारखीच्या समोर पहिला सौदा स्वस्तच!

०-२ वरून शेवटच्या काही सेकंदांत एक ताबा, २-२. बरोबरीत मोठ्या किमतीचा डाव आधी मोजतात, म्हणून एकदम २ घेणारी विनेश १-१ करून २ झालेल्या सुसाकीच्या पुढे. जपानचं चॅलेंज (पंचाच्या निर्णयाला आव्हान) फेटाळलं गेलं, त्याचा १ गुण मिळून ३-२.

हे फसतं ते मॅटच्या कडेला. मनगटं धरून खडाखडी करताना पाय मागे सरकतात आणि पाऊल बाहेर पडलं की १ गुण जातो. पंचाला मुद्दाम पळ वाटला तर वर कॉशन (अधिकृत ताकीद), आणि तीन कॉशनला बाद. म्हणून मध्यभाग सोडायचा नाही, गोल फिरायचं. बघायला कंटाळवाणं आहे, कबूल.