वळवाची वीज आणि ‘ॲस्टॉनिश’

ए-३०२: सोसायटीच्या गटावरील सर्वांना नमस्कार. काल सायंकाळी वळवात मागच्या माडावर वीज पडली, तेव्हा आमचा आठवीतला नातू ‘आय ॲम ॲस्टॉनिश्ड’ म्हणाला आणि लगेच त्याने विचारले की, हा शब्द आणि ‘सरप्राइज’ एकच का? कोशात दोहोंपुढे ‘आश्चर्य’ आहे. सर, आपण सांगावे.

बी-१०१: काकू, त्याने शब्द अगदी नेमक्या वेळी वापरला. ‘ॲस्टॉनिश’च्या मुळाशी लॅटिनमधील ‘तोनारे’, म्हणजे गडगडणे, हे क्रियापद असून, जुन्या फ्रेंचमधून ते इंग्रजीत आले. ‘स्टन’ आणि ‘ॲस्टाउंड’ ही त्याचीच भावंडे. आरंभी त्याचा अर्थ तडाख्याने बधिर होणे असा होता. आता दोन गुण अधिक मिळाले तरी तो वापरतात, हे मला अंमळ जास्तच वाटते. संस्कृतातला ‘स्तन्’ हा धातू याच कुळातला; बृहदारण्यकोपनिषदात ‘द द द’ असा गरजणारा ‘स्तनयित्नु’, म्हणजे गडगडणारा मेघ, त्यातूनच आला. ‘सरप्राइज’चे घराणे निराळे. फ्रेंचमध्ये ‘सुर’ म्हणजे वर आणि ‘प्रांद्र’ म्हणजे धरणे. इंग्रजीत तो शब्द आधी लष्करी होता, शत्रूवर अवचित घातलेला छापा. आपले ‘बेसावध गाठणे’ त्याला चपखल बसते.

सी-२०३: सर, कन्नडमध्ये आम्ही ‘सिडिलु बडिदंते’ म्हणतो, म्हणजे वीज कोसळल्यासारखे, परंतु ते वाईट बातमी ऐकल्यावर. नवल वाटले तर ‘अच्चरी’.

बी-१०१: मराठीतही ‘वज्राघात’ दुःखाचाच. आणि तुमची ‘अच्चरी’ ही आमच्या ‘आश्चर्या’चीच लेक आहे, हे शहापुरात कानडी शेजारात राहून इतकी वर्षे लक्षात आले नव्हते.

ए-३०२: मग ‘आश्चर्य’ कोठून आले?

बी-१०१: ‘आ’ आणि ‘चर्’ यांच्यामध्ये एक ‘स’ येतो, त्याचा पुढे ‘श’ होतो. तो केव्हा येतो, यासाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्रच दिले आहे: ‘आश्चर्यमनित्ये’. जे नित्य घडत नाही, त्याविषयीच हा शब्द.

ए-३०२: नातवाला वाचून दाखवले. तो म्हणतो, माडावर वीज पडली हे आश्चर्य, पण त्यानंतर घरातली वीज रात्रभर गेली, ते पाणिनीच्या सूत्रात बसत नाही.